घरचा गुलाबी

गुलाबी रंग मी केला होता. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी हेच वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात माझ्या जावेची चार वर्षांची पोर माझ्या मांडीवर घामानं भिजून पडली होती.

मी संगीता. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यातली थोरली सून. डी.एड. झालेय. नोकरी लागली नाही, ते जाऊ द्या. आमच्या जिल्ह्यात दगड भिरकावला तर तो डी.एड.वाल्यालाच लागेल. पण तांड्यात मला अजून 'मॅडम' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडतं. कोणाचं लाईटबिल असो की सात-बारा, वाचायला माझ्याकडेच येतात. माझे वडील उमरखेडला शाळेत शिपाई होते, घरी शेत नव्हतं. लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी, बापूंनी, त्यांना शब्द दिला होता की शिकलेल्या पोरीला वावरात घालणार नाही. बापूंनी शब्द दिला म्हणजे दिला. बारा वर्षं झाली, मी वावरात पाय टाकला तो फक्त कापूस वेचणीआधीच्या सीतादहीच्या पूजेला.

मग कपाशीचं वावर कोणाच्या डोक्यावर? शीलाच्या. शीला माझी धाकटी जाऊ, सातवीतून शाळा सोडलेली. सकाळी भाकर बांधून निघायची ती दिवस कलल्यावर यायची. तिची नयन लग्नानंतर सहा वर्षांनी झालेली, नवससायासांची, आणि तीच दिवसभर माझ्याकडे. माझी अर्पिता आठ वर्षांची, ती शाळेत जायची. माझा नवरा इंद्रजीत यवतमाळला, लोहारा एमआयडीसीतल्या कंपनीत, शनिवारी रात्री यायचा. अशी आमची वाटणी होती आणि मला ती बरोबर वाटायची. शीला कधी म्हणाली, 'ताई, पोरीले उन्हात नको खेळू देऊ,' की मी म्हणायचे, 'तू पऱ्हाटीचं पाह्य, पोरीचं मी पाह्यते.' शीला हसायची आणि गप्प बसायची. मला वाटायचं, पटलं तिला.

कोपऱ्याचं खूळ फोनमधून आलं. एक बाई दाखवत होती, घरच्या घरी कमी खर्चात लेकरांचा चित्रांचा कोपरा कसा करायचा. तिच्या मागे पांढरी भिंत, लाकडी फळी, काचेच्या बरण्यांत रांगेनं ब्रश. तिचा कमी खर्च म्हणजे आमच्या घरचा दसरा-दिवाळी. मला राग आला. राग आला की माझे हात चालतात.

पुढच्या खोलीत तुरीच्या पोत्यांजवळ एक कोपरा रिकामा होता. तो मी शेणानं सारवला. खताची रिकामी पोती चार पाण्यांतून काढून, शिवून खाली अंथरली. जुन्या कूलरच्या पत्र्याला चुना मारला, तो झाला फळा. कागद म्हणून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, मागच्या वर्षीचं कॅलेंडर, निवडणुकीतली पत्रकं. तुऱ्हाटीच्या काडीला बकरीचे केस दोऱ्यानं घट्ट बांधले की असा ब्रश होतो, दुकानदारानं लाजावं. सासूबाईंनी, हंसाबाईंनी, आपल्या जुन्या फेटियाचे, म्हणजे बंजारा घागऱ्याचे, निघालेले आरसे दिले, ते भिंतीला लावले. रंग सगळे घरचे. हळदीचा पिवळा, होळीसाठी वाळवून ठेवलेल्या पळसफुलांचा केशरी, गेरू, नीळ, चुलीतला कोळसा. त्यात मैद्याची खळ घालायची म्हणजे रंग कागदाला धरतो, आणि थोडा साखरेचा पाक, म्हणजे चकाकतो. हे पाकाचं त्या फोनमधल्या बाईनंच सांगितलं होतं.

तांडा बघायला आला. तानाबाई म्हणाली, 'मॅडम, हे तं बालवाडीपेक्षा भारी झालं.' मी वरवर नको-नको म्हटलं आणि आतून फुगले.

ब्रश धरायलाही मीच शिकवलं. टोक पसरलं की ओठांत धरून ओढायचं, बारीक होतं. आमचे चित्रकलेचे सर तसंच करायचे. अर्पितानं उचललं, आणि अर्पिता करते ते नयन करणारच.

फक्त गुलाबी नव्हता. नाल्याच्या काठी बेशरमाची फुलं आली होती, अर्पिताला तीच काढायची होती. बीट किसून पाहिलं, सकाळपर्यंत त्याचा तपकिरी चिखल झाला. पोर रुसली. त्या गुरुवारी दुपारी मी कोनाड्यात दोरा शोधत होते आणि हाताला पत्र्याचा डबा लागला. त्यात सरकीचं अर्धं पाकीट. जूनमध्ये टोबणी होते, बाया हातानं बी लावतात; कुठं उगवलं नाही तर पुन्हा लावायला म्हणून बापू थोडं बी मागे ठेवतात, मग ते तसंच पडून राहतं. मी मूठभर सरकी हातावर घेतली आणि बघतच राहिले. एकेक दाणा गुलाबी.

वाटीत पाणी घालून चोळली. असा रंग सुटला की काय सांगू. त्या फोनमधल्या बाईला सात जन्मात सापडला नसता.

सरकी रंगीत का असते हे मी बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. वाटायचं, कंपनीवाले गिऱ्हाइकाला भुरळ पाडायला रंगवत असतील. पाकिटावर बारीक अक्षरांत बरंच लिहिलेलं होतं. सगळ्या तांड्याचे कागद वाचून देणाऱ्या बाईनं ते वाचलं नाही. वरचा कापसाच्या बोंडाचा फोटो चांगला होता, तेवढा कात्रीनं कापून भिंतीवर चिकटवला. रंगात खळ घातली. पाक जरा जास्तच घातला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पोळ्याला आठ दिवस होते. अर्पिता शाळेत गेली, शीला वावरात. सासूबाई बाहेर पडवीत तांदूळ निवडत बसल्या. मी भाकरी टाकत होते आणि नयन कोपऱ्यात एकटी बसून गुणगुणत होती. मधूनमधून मी आवाज द्यायचे, ती ओ द्यायची. तवा उतरवून गेले तर पोरीचे ओठ गुलाबी, जीभ गुलाबी, हनुवटीवर ओघळ. रंगाची वाटी चाटूनपुसून साफ.

आणि मी हसले. 'अवं, हे काय, लिपस्टिक लावली का?' असं म्हणून पदरानं तिचं तोंड पुसलं. ते हसणं मला आजही आठवतं.

थोड्या वेळानं ती ओकली. पोतं गुलाबी झालं. मला वाटलं पाक बाधला. तिला धुतलं, पाणी पाजलं, तर पुन्हा ओकली. मग तिचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम आला, भर पावसाळ्यात, पंख्याखाली. 'नयन' म्हटलं तर बघायची, पण डोळे मिटून जायचे. मी तिला खाली ठेवलं आणि कोनाड्याकडे गेले. जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. माणसाच्या आत कुठंतरी ठाऊक असतं आणि ते वेळ गेल्यावरच तोंड वर काढतं.

पाकिटाच्या उरलेल्या तुकड्यावर लाल चौकोन होता. खाली मराठीत स्वच्छ लिहिलं होतं. बियाण्यास विषारी औषध चोळलेले आहे. खाण्यासाठी, जनावरांसाठी किंवा तेल काढण्यासाठी वापरू नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे.

मी ते तीनदा वाचलं. आणि मी काय करावं? ओरडावं, पळावं, बापूंना हाक मारावी? मी तो तुकडा घडी करून ब्लाउजमध्ये खुपसला. वाटी धुतली. मग हाक मारली.

सासूबाई आल्या. पोतं बघून म्हणाल्या, 'हा रंग कायचा?'

'घरचाच हाये, याडी,' मी म्हटलं. 'आपला नेहमीचा.'

माझा दीर राजकुमार, शीलाचा नवरा, दारव्ह्याच्या फेऱ्या मारतो, त्याची स्वतःची जीप आहे. नशीब म्हणायचं, तो जेवायला आला होता. ताट तसंच टाकून उठला. मी नयनला घेऊन मधल्या सीटवर बसले. तांड्याच्या वळणावर आमचं वावर लागतं. कोणीतरी फोन केला होता, शीला बांधावर येऊन उभी होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. जीप थांबायच्या आत तिनं दार धरलं.

ती माझ्या शेजारी बसली, पण पोरीला हात लावला नाही. दोन्ही हात अंगापासून लांब, गुडघ्यांवर उलटे धरून बसली.

'तूच धर ताई,' म्हणाली. 'आज सकायपासून फवाऱ्याले पानी भरून देऊन राह्यली मी. माह्या हाताले औषध हाये.'

पोर तिच्याकडे बघत नव्हती. शीला वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेत होती आणि हात मात्र मागे ठेवत होती. जीपमध्ये फवाऱ्याचा उग्र वास भरला.

'काय खाल्लं इनं?'

'काय मालूम,' मी म्हटलं.

दोन शब्द. तेवढ्यानं काम झालं, कारण पुढचं सगळं शीलानंच जुळवलं. ती हळूच म्हणाली, 'कालबी फवाऱ्यावरच होती मी. घरी येऊन राखेनं हात धुतले. दोन डाव धुतले. अन् सकायी याच हातानं इले भाकर चुरून चारली.' तिनं आपले हात असे बघितले जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत. 'मीच चारलं ताई. माह्याच हातानं गेलं इच्या पोटात.'

राजकुमारनं गाडी चालवता चालवता मागे न बघता म्हटलं, 'किती डाव सांगतलं तुले. फवाऱ्यावरून आली का पोरीले हात नको लावू म्हनून.'

'धुतले होते म्हन्ते ना मी.'

'धुतल्यानं जाते का थे?'

बोल, मी मनात म्हणत होते. आता बोल, संगीता. ब्लाउजमधला कागद घामानं अंगाला चिकटला होता. मला भीती वाटत होती. नयन जाईल याची तर वाटतच होती, इतकी की तिच्या छातीवरून मी हात काढला नव्हता, श्वास मोजत होते. पण त्या भीतीच्या खाली दुसरी एक होती आणि ती फार घाण होती. शीला माझ्याकडे कशी बघेल. राजकुमार गाडी थांबवून काय करेल. तांड्यात काय म्हणतील, मॅडमनं पोरीला विष पाजलं. म्हटलं, पुढच्या नाल्यावर सांगते. नाला गेला. म्हटलं, फाट्यावर सांगते. फाट्यावर बैलगाडी आडवी आली, राजकुमारनं शिव्या दिल्या, मला वाटलं आत्ता नको. चोराला सबबी फार. पोर मांडीवर एकदा आकडली, पुन्हा ढिली पडली. शीला तोंडात पदर कोंबून बसली होती आणि मी बाहेर बघत होते.

मध्येच तिनं विचारलं, 'श्वास हाये ना?'

'हाये.'

'पाह्य ना ताई नीट.'

'हाये म्हन्ते ना.' मी तिच्यावर खेकसले. हो, वर खेकसलेसुद्धा.

दारव्ह्याला बसस्टँडमागे लेकरांच्या डॉक्टरीणबाई बसतात. तरुण आहेत, आवाज मोठा. पोरीला बघून त्यांनी रांग बाजूला सारली. टेबलावर घेतलं, डोळे उघडून टॉर्च मारली, छाती तपासली, पाठीला कान लावावा तशी नळी लावली.

'काय खाल्लंय? काय प्यायली? घरात कोणती गोळी, रॉकेल, फिनेल?'

शीला पुढे झाली. हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी. 'मॅडम, माह्यापासून झालं. मी फवाऱ्यावर होती. न धुतलेल्या हातानं चारलं.'

धुतलेल्या. तिनं दोनदा धुतले होते. तिथं उभं राहून तिनं ते स्वतःच पुसून टाकलं.

'कोणतं औषध फवारत होते?'

'नाव नाई मालूम. पांढऱ्या डब्ब्यातलं. लय वास येते त्याले.'

डॉक्टरीणबाईंनी राजकुमारला विचारलं. त्यानं एक नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा पोरीचे डोळे बघितले, कपाळाला आठी घातली. 'बाहुल्या तशा दिसत नाहीत,' असं काहीतरी पुटपुटल्या. मग नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, 'नीट ऐका. या इंजेक्शननं फवारणीचं विष उतरतं. पण विष तेच असलं पाहिजे. दुसरंच काही पोटात गेलं असेल तर हेच एवढ्याशा पोरीला जड जाईल. नक्की हेच ना?'

'हेच,' शीला म्हणाली. 'मी आई हाये ना मॅडम. मले मालूम.'

नर्सनं काचेची कुपी टकटक करून तिची मान मोडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. सुई कुपीत गेली, पाणी वर चढलं, आणि नयनचा दंड कापसानं पुसला गेला.

'थांबा,' मी म्हटलं.

कोणी थांबलं नाही. आवाजच फुटला नव्हता. मी नर्सचा हात धरला.

'ते नाही. मी दिलंय. म्हणजे मी रंग केला होता. सरकीचा. सरकी धुऊन गुलाबी रंग केला, तिनं तो वाटीभर खाल्ला. पाक होता त्यात, गोड होता.' मी सगळ्यांसमोर ब्लाउजमध्ये हात घालून तो ओला कागद काढला आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. 'याच्यावर लिहिलंय.'

त्यांनी कागद उलगडला, वाचला. नर्सच्या हातातली सुई काढून ताटलीत ठेवली. 'हे केव्हा कळलं तुम्हाला?'

'घरीच.'

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग पाठ फिरवून कामाला लागल्या. सलाईन, नाकाला नळी, यवतमाळला कोणाला तरी फोन, कागदावरचं औषधाचं नाव अक्षर-अक्षर सांगत. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर राजकुमारनं माझ्याकडे बघितलं नाही. तो गेटबाहेर गेला, जीपला टेकून उभा राहिला, आणि एकदा मुठीनं बॉनेटवर मारलं. शीला अंगणातल्या नळाखाली बसली आणि कोणाच्या तरी लाल साबणानं हात धुवायला लागली. कोपरापर्यंत घासले, नखं घासली, नाकाशी नेऊन बघितले, पुन्हा घासले. मी सासूबाईंना फोन लावला. म्हटलं, कोपऱ्यातलं काही म्हणजे काही ठेवू नका, सरकी अन् रंग बापूंना खोल गाडायला सांगा, अर्पिता आली की तिला आधी तुमच्याजवळ घ्या, तिचं तोंड बघा. त्या म्हणाल्या, 'पोरगी वाचन ना व?' मी फोन ठेवला.

मग नुसतं बसणं. दुपार चढली, बाकं भरली आणि रिकामी झाली. अर्पिता ठीक असल्याचा सासूबाईंचा फोन आला. आत एकदा धावपळ झाली, नर्स पळत गेली, दार लागलं. शीला उभी राहिली ती दार उघडेपर्यंत उभीच. मी खंडोबा, सेवालाल, जगदंबा, जेवढी नावं ठाऊक होती तेवढी घेतली. म्हटलं, हिला उठव, मग तांड्यानं मला दगडं मारली तरी चालतील. देवाशीही आपण सौदाच करतो.

चारच्या सुमाराला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. शीलाला म्हणाल्या, 'थरथर थांबली. आईला हाक मारतेय. आजची रात्र ठेवून घेते, पण आता भिऊ नका.' आणि जाता जाता, माझ्याकडे न बघता, 'सुई टोचण्याआधी सांगितलंत, तेवढं बरं केलंत.'

शीला आत गेली. मी दारातून बघितलं. तिनं लाल झालेल्या हातांनी पोरीचा चेहरा धरला होता, आणि पोर तिच्या बोटांशी खेळत होती. मी आत गेले नाही.

नयनला झोप लागल्यावर शीला बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. मी वाट बघत होते. शिव्या दे, झिंज्या धर, काहीतरी कर. तिनं पदरानं हात पुसले, ते कोरडेच होते.

'जीपमदी सांगतलं काहून नाई?' तिनं विचारलं. आवाज साधा होता.

'भेव वाटलं.'

'कायचं?'

'तुहं.'

तिला ते कळलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी तिची थट्टा करतेय की काय असं. 'माहं?' म्हणाली. 'मले कोन भेते ताई?'

समोर एक म्हातारा नातवाला बिस्कीट भरवत होता, आम्ही दोघी ते बघत होतो. मला वाटलं, संपलं बोलणं. तर ती म्हणाली, 'एक सांगू? कोनाले सांगशील नाई ना?'

'सांग.'

'काल रात्री तू मले भाकर वाढली. तुहे बोटं गुलाबी होते. टोबनीच्या दिवसात आमचे होते ना, तसेच. आमी बाया टोबतो तवा तंबाखूलेबी हात लावत नाई, पानीबी दुसऱ्याच्या हातानं पितो. दोन वर्षांआधी रामीबाईनं तसाच घास खाल्ला होता, तिची काय गत झाली मीनं पाह्यलं.' ती थांबली. 'मले तवाच समजलं का तू सरकीले हात लावला. मंग तुह्या त्या कोपऱ्यात पाह्यलं, वाटीत गुलाबी.'

मी तिच्याकडे वळले. 'मंग बोलली काहून नाई शीला?'

'आलतं तोंडावर. दोनदा आलतं. पन अर्पिता होती, याडी होती. मले वाटलं तू हासशील. म्हनशील, आता शीला शिकवते मले.' तिचा आवाज तिथं फुटला. 'म्हनलं, ताईले मालूमच असन. शिकेल हाये. धुऊन-बिऊन घेतलं असन तिनं. अन् मुकाट्यानं भाकर खाल्ली मीनं. माह्या पोरीसाठी माह्यं तोंड उघडलं नाई. मंग डॉक्टरीनले खोटं काय सांगतलं मीनं? माह्यापासूनच झालं ना थे.'

'नाई शीला,' मी म्हटलं. 'नाई.' पाऊण तास मी तिला भीत होते आणि तेवढ्यानं माझा जीव जायची वेळ आली होती. ती मला दहा वर्षं भीत होती. रोज, भाकरीच्या ताटावर, माझ्यासमोर बसून. आणि मी समजत होते की तिला माझं पटतं.

आतून नयनचा आवाज आला. पाणी मागत होती. शीला झटकन उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. मागे वळून तिनं माझ्याकडे बघितलं.

'पानी देऊ का ताई तिले? चालन का?'

नर्स तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिला नाही विचारलं. मला विचारलं.

'मले नाई मालूम शीला,' मी म्हटलं. 'सिस्टरले विचार.'